डेटाबेसच्या आत राहणारे सुभेदार

३ ऑक्टोबर. कामं तीन: संगणकावरची झेंडूची माळ उतरवणे, कीबोर्डच्या फटींतलं कुंकू पुसणे, पाळीपत्रक छापून फलकावर लावणे. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. त्यातलं एकही त्या दिवशी संध्याकाळपर्यंत झालं नाही, कारण वाईच्या सुभेदारांनी फोनवरून हुकूम सोडला होता की ते येईपर्यंत झेंडूच्या पाकळीलाही कुणी हात लावायचा नाही.

माणसं गावात राहतात, मळ्यात राहतात, नोकरीपायी पुण्यात राहतात. आमचे सुभेदार डेटाबेसच्या आत राहतात. वाईला त्यांचं घर आहे, घरात बायको आहे, परसात पेरू आहे, हे सगळं खरं. पण त्यांच्याशी बोलताना सारखं वाटतं की हा माणूस आतून कुठूनतरी दोन मिनिटांसाठी बाहेर आलाय आणि आपलं बोलणं संपलं की परत आत जाणार आहे. लग्नात अक्षता टाकताना मी त्यांना पुटपुटताना पाहिलंय, आणि ती मंगलाष्टकं नव्हती. सैन्यात ते सिग्नलमध्ये होते. पेन्शन घेऊन आल्यावर त्यांच्याबरोबरच्या कुणी पिठाची गिरणी टाकली, कुणी एटीएमवर पहारा धरला. हे साताऱ्याला क्लासात जाऊन जावा ही संगणकाची भाषा शिकायला बसले. पहिल्या दिवशी ते वर्गात शिरले तेव्हा सर आले असं समजून सगळी मुलं उभी राहिली. 'बैठ जाओ' म्हणून हे शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि वही उघडली. खरे सर आले तेव्हा कुणी उभं राहिलं नाही म्हणतात.

आमची संस्था कृष्णेचं पाणी उपसून पलूस-कुंडल भागातल्या रानांना देते. कुणाच्या रानाला कधी पाणी, हे ज्यात लिहिलेलं असतं ते पाळीपत्रक. मी इथं मुख्य लिपिक आहे आणि बावीस वर्षं पाळीपत्रक मीच काढते. आधी हातानं काढायची, गेली बारा वर्षं सुभेदारांचा प्रोग्रॅम काढतो. तो जावातला प्रोग्रॅम त्यांनी डेटाबेसच्या आतच बसवलाय. का, ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. डेटाबेस म्हणजे कोठार. बाकीचे लोक कोठारातली पोती बाहेर आणतात, अंगणात मोजतात आणि परत आत नेऊन ठेवतात. "मी मोजणारा माणूसच कोठारात बसवलाय, ताई. हेलपाटे बंद." ऐकायला फार छान. अडचण एवढीच की कोठाराचं दार बंद असतं. आतल्या माणसाचं काही बिनसलं तर तो ओरडतो, पण बाहेर ऐकू येत नाही. माझ्या पडद्यावर फक्त एक ओळ उमटते, आत काहीतरी फुटलं आहे अशा अर्थाची. काय फुटलं, कुठं फुटलं, हे सगळं सर्व्हरवरच्या कुठल्याशा फाइलीत लिहिलं जातं आणि ती फाइल कुठं असते हे सुभेदारांखेरीज कुणालाच माहीत नाही.

मग सुभेदार येतात. वाई ते सातारा, सातारा ते कराड, कराड ते इथं, अशा तीन एसट्या बदलून. फोनवरून दुरुस्ती करायला त्यांचा ठाम नकार. नाडी फोनवरून बघतात का, असं विचारतात. खांद्याला सैन्यातली हिरवी पिशवी. तीत पंच्यात गुंडाळलेला स्वतःचा कीबोर्ड, लॅपटॉप, बसायची चपटी उशी, लाकडी फूटपट्टी आणि बिनसाखरेच्या चहाचा थर्मास. चारी बाजूंना ऊस असलेल्या आमच्या गावात बसून ते बिनसाखरेचा चहा पितात, याचा आमच्या चेअरमनना पहिल्या वर्षी फार राग आला होता. साखर असली म्हणून काय झालं, सवय नाही, असं सुभेदारांनी शांतपणे सांगितलं. उशी मांडून बसले की आधी आतल्या माणसाचा आवाज बाहेर सोडायची आज्ञा देतात, मग ती फाइल उघडतात, आणि पडद्यावर फूटपट्टी आडवी धरून खालून वर वाचत जातात. एकदा मी विचारलं, खालून का? म्हणाले, "वर नुसतं रडणं असतं. मारलं कुणी ते खाली लिहिलेलं असतं."

एक शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नाही: आपोआप. यादी आपोआप गेली, नाव आपोआप खाली आलं, असं जो म्हणेल त्यानं सगळ्यांना चहा करायचा. हा नियम त्यांनी कुणाला विचारून केला नाही आणि मोडायची कुणाची छाती झाली नाही. एकदा चेअरमन बोलून गेले. सुभेदारांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. चेअरमन धोतर सावरत उठले आणि त्यांनी अकरा जणांचा चहा केला. वाईट झाला होता, पण सगळ्यांनी संपवला.

त्यांची सगळ्यात तापदायक सवय म्हणजे जबान्या. बिघाड कितीही साधा असो, मशीनला हात लावायच्या आधी ते कचेरीतल्या प्रत्येकाला समोर बसवून विचारतात, त्या दिवशी उठल्यापासून काय काय केलं. लांब वहीत लिहून घेतात. जेवलात काय हेसुद्धा. पहिल्या वेळी मला वाटलं, माणूस वेळ काढतोय. त्या वेळी पंपहाऊसच्या संगणकावरची एकही नोंद प्रोग्रॅम घ्यायला तयार नव्हता. जबानीत आमचे शिपाई ज्ञानूमामा सहज बोलून गेले की पंपहाऊसच्या संगणकाचं घड्याळ मागं पडलं होतं, ते त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवलं. आमच्या भागात भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं असतं, एसटी चुकू नये म्हणून. तेव्हा पाटकरी, म्हणजे रानात पाणी सोडणारा आमचा माणूस, जी काही नोंद करी ती दहा मिनिटं पुढची पडे, आणि कोठारातला माणूस म्हणे, जे अजून घडलंच नाही ते मी कसं लिहून घेऊ? तेव्हापासून मी जबानी निमूटपणे देते. भाजीसकट.

तर ३ तारीख. दसरा आदल्या दिवशी झालेला. मी सकाळी कचेरी उघडून पाळीपत्रक पडद्यावर काढलं आणि माळ उतरवायला हात वर केला, तेवढ्यात दत्तूअण्णा आले. ते पूर्वेच्या कोरड्या भागातले, धनगराच्या घरचे. वडिलांची मेंढरं विकून इकडं रान घेतलं आणि द्राक्षबाग लावली. यादी वाचत ते बराच वेळ उभे राहिले. वरची सोळा नावं नवमीला आणि दसऱ्याला पाणी घेऊन झालेल्या लोकांची होती. सगळ्यात पहिलं नाव माझ्या दिराचं.

"वैनी, आमची छाटणी हून सा दिस झालं," अण्णा म्हणाले. "पाणी न्हाई तर वेलीला डोळं फुटायचं कसं? आन तुमच्या दिराला परवा पाणी, आज फिरून पाणी. दसऱ्याचं सोनं घरातच वाटलं म्हणायचं."

आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त लागलं. पुढं तेच म्हणाले की दोन सालांमागंबी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच असं झालं होतं. खरं होतं. तेव्हा मी संगणक बंद करून चालू केला होता, यादी बरोबर आली, विषय संपला. या वेळीही माझा हात बटणाकडे गेला होता. पण मागं माणसं जमली होती, आणि मला दिसलं की आता बंद करून बरोबर यादी काढली तर उद्या सगळे म्हणणार, पकडल्यावर बाईंनी दुरुस्त केली. हात मागं घेतला. बावीस वर्षांत माझ्या यादीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. दहा वाजेपर्यंत चेअरमननी पाच वाजताची सभा लावली. विषय एकच: पाळीपत्रकाचं काम माझ्याकडून काढून घ्यायचं का.

मी सुभेदारांना फोन लावला. बंद केलात का, एवढंच विचारलं त्यांनी. नाही म्हटल्यावर म्हणाले, "छान. जो जिथं पडलाय तिथंच पडू दे. फुलंसुद्धा. मी निघालो."

दोन वाजता आले. उशी, थर्मास, फूटपट्टी. त्यांनी पहिल्यांदा स्वतःचा लॅपटॉप जोडून यादी काढली. यादी बरोबर आली, पहिलं नाव दत्तूअण्णांचं. मग माळ घातलेल्या माझ्या संगणकावर काढली. पहिलं नाव माझ्या दिराचं. परत लॅपटॉपवर बरोबर, परत माझ्याकडे चूक. पाटकऱ्याच्या नोंदी तपासल्या, त्या जागच्या जागी होत्या. कुंडलचे एक तरुण संचालक पाठीशी उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "सुभेदारांच्या हातानं बरोबर येतंय, वैनींच्या हातानं चुकीचं येतंय. मग मशीनचा दोष कसा म्हणायचा?"

मी हजेरीच्या वहीत पुढच्या महिन्याच्या रेघा आखायला घेतल्या. त्या अजून वाकड्या आहेत.

सुभेदारांनी लांब वही काढली. माझी जबानी झाली, पाटकऱ्याची झाली, मग ज्ञानूमामा बसले. मामांनी नवमीचा दिवस सांगितला. सकाळी वैनींनी यादी काढली, दुपारी यंत्रांची पूजा, संगणकाला माळ, नारळ वाढवला, उदबत्ती लावली, घरी गेलो. दसऱ्याला कचेरी बंद. सुभेदारांनी लिहिता लिहिता विचारलं, जाताना संगणक बंद केला का? मामांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू देवघरात चपला घालून जाता का असं विचारलंय.

"पूजा झालेलं यंत्र निजवत्यात व्हय?" मामा म्हणाले. "नदीवरच्या मोटरीबी चालूच असत्यात की. दसरा उलटल्याबिगर हात लावायचा न्हाई."

सुभेदारांचं पेन थांबलं. दोन वर्षांपूर्वीही असंच का, त्यांनी विचारलं. व्हय, मामा म्हणाले; त्याच्या आधी संगणकाची पूजाच नव्हती, नुसत्या मोटरींची. मग गेल्या वर्षी यादी का चुकली नाही? मामांनी डोकं खाजवलं. "गेल्या साली दसऱ्याला दुपारभर लाइट न्हवती. आपोआपच बंद पडला त्यो."

तो शब्द मामांनी उच्चारला आणि सुभेदारांच्या लक्षातही आलं नाही. तेव्हा मला कळलं की सापडलं.

पुढचा अर्धा तास त्यांनी एक प्रयोग केला. लॅपटॉपवर यादी काढून तशीच उघडी ठेवली, पाटकऱ्याला फोन करून अजून पाणी न मिळालेल्या एका नावावर पाणी दिल्याची खोटी नोंद करायला लावली, आणि न बंद करता परत यादी काढली. ते नाव हललं नाही. लॅपटॉपही आता माझ्या संगणकासारखाच चुकीचं सांगू लागला. मग बंद करून पुन्हा जोडला. नाव खाली गेलं. खोटी नोंद पुसून त्यांनी मला समजावलं. मी सकाळी प्रोग्रॅम उघडला की कोठारातला माणूस एकदाच आत चक्कर मारतो, कुणाकुणाला पाणी मिळालं ते पाठ करतो, आणि नंतर कितीदाही विचारा, पाठ केलेलंच सांगतो. रोज संध्याकाळी मी प्रोग्रॅम बंद केला की तो सगळं विसरतो, दुसऱ्या दिवशी नव्यानं चक्कर मारतो. नवमीला सकाळी त्यानं जे पाठ केलं, तेच तो आज म्हणून दाखवत होता. मधे त्याला कुणी घरीच जाऊ दिलं नव्हतं.

"पण त्याला पाठ करायला सांगितलं कुणी?" मी विचारलं.

त्यांनी प्रोग्रॅम उघडला आणि फूटपट्टी धरून खाली खाली जात एका ओळीशी थांबले. मी त्यांच्या मागे उभी होते. ओळ मला कळली नाही, पण तिच्या शेजारी त्यांनीच मराठीत टीप लिहून ठेवली होती: यादीला वेळ लागतो, ताईंची तक्रार. मला आठवलं. बारा वर्षांपूर्वी मशीन जुनं होतं, दर नावाला कोठारात एक चक्कर व्हायची, यादीला चार-पाच मिनिटं लागायची, आणि मी रोज त्यांना फोन करून कटकट करायची. त्यांनी माझी चार मिनिटं वाचवली होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी फूटपट्टी उचलली आणि पान पुढं सरकवलं.

पाच वाजता सभा भरली. सुभेदार खुर्ची असून उभे राहिले. मामांनी काय केलं, संगणक चालू कसा राहिला, सगळं क्रमानं सांगितलं. मग म्हणाले, "यादी ताईंनी बदलली नाही. मी बदलली, बारा वर्षांपूर्वी. हा प्रोग्रॅम दोन दिवस कुणी उघडा ठेवेल असं मला सुचलं नाही. चूक माझी आहे. लिहून घ्या." टिपेचं नाव त्यांनी काढलं नाही. मी तोंड उघडलं, तर त्यांनी चेअरमनकडे बघून पाणी मागितलं.

चेअरमन म्हणाले, चालायचंच, माणूस आहे. पण कुंडलच्या संचालकांना हवं होतं ते मिळालं. सांगलीच्या एका कंपनीची मोबाइलवर चालणारी व्यवस्था घ्यावी असं ते वर्षभर म्हणत होते. बारा वर्षं चूक आत बसून राहिली, उद्या आणखी काय निघेल, असं त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न चुकीचा नव्हता. ठरलं की दिवाळीनंतर नवीन व्यवस्था, तोवर सुभेदारांचा प्रोग्रॅम. सुभेदार म्हणाले, मोबाइलवर बरं पडेल, पाटकऱ्याला रानातूनच नोंद करता येईल. मग परवानगी मागून परत माझ्या टेबलाशी आले, ती ओळ बदलली, आणि प्रत्येक वेळी कोठारात चक्कर मारायची असं त्या माणसाला बजावलं. माझ्या संगणकावरची माळ त्यांनीच उतरवून मामांच्या हातात दिली.

दत्तूअण्णा दारात थांबले होते. "वैनी, सकाळी बोललो त्ये मनावर घिऊ नगा."

नाही घेत, मी म्हटलं. तुमचं पाणी उद्या सहाला सुटेल, पाइपाचे जोड आज बघून ठेवा.

सुभेदारांनी पंच्यात कीबोर्ड गुंडाळला, थर्मासमधला उरलेला गार चहा उभ्याउभ्या प्यायला आणि कराडची गाडी धरली. मी फाटकापर्यंत गेले. टीप का नाही सांगितलीत, असं विचारायचं होतं. गाडी समोर उभी होती आणि ते जागा धरायच्या गडबडीत होते. खिडकीतून आत टाकलेली पिशवी जागेवर पडलेली पाहून ते चढले. मी परत येऊन कीबोर्डमधलं कुंकू ब्रशनं काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी काढली. दत्तूअण्णांचं पाणी सहालाच सुटलं होतं, आणि त्यांचं नाव यादीत खाली गेलं होतं. मग सभेचं प्रोसिडिंग लिहायला बसले. चेअरमननी सांगितलेला मजकूर दोन ओळींचा होता: प्रोग्रॅममधील चुकीमुळे गैरसमज झाला, तो दूर झाला. मी पाऊण पान लिहिलं. चूक सुभेदारांची हे लिहिलं, कारण त्यांनी लिहून घ्यायला सांगितलं होतं. ती त्यांनीच शोधली आणि कुणी न विचारता उभं राहून सांगितली, हे लिहिलं. आणि ती ओळ यादीला वेळ लागतो अशी मुख्य लिपिकेची रोजची तक्रार असल्यामुळे घातली गेली, हेही लिहिलं, माझ्या पूर्ण नावासकट. चेअरमन सही करायला आले तेव्हा तिथंच अडखळले. हे सभेत कुणी बोललं नव्हतं, तुमचं नाव कशाला घालता, म्हणाले. मी म्हटलं, बोललं गेलं नाही म्हणूनच. त्यांनी सही केली.

त्या पानाची एक प्रत काढून पाकिटात घातली. बारा वर्षांत सुभेदारांना पत्र पाठवायची वेळ आली नव्हती, म्हणून घरचा पत्ता विचारायला फोन केला. कशाला हवाय, म्हणाले. कचेरीचं काम आहे, म्हटलं. त्यांनी पिनकोडसकट सांगितला, आणि मी तो पहिल्यापासून परत वाचून दाखवल्यावरच फोन ठेवू दिला.